लिहिलेली आकृती : साध्या मजकुरातून रेखाटन

दिल्लीच्या राजीव चौक या भूमिगत स्थानकात उतरलेला नवखा प्रवासी प्रथम भिंतीवरच्या नकाशापुढे उभा राहतो. त्या नकाशात रस्ते नसतात, वस्त्या नसतात, अंतरेही खरी नसतात. असतात ते केवळ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत रेषा. तरीही कोठे चढावे, कोठे गाडी बदलावी आणि कोठे उतरावे, हे त्याला त्यावरून कळते. स्थळांमधील अंतर वगळून त्यांचा परस्परसंबंध तेवढा दाखवावयाचा, ही कल्पना लंडनच्या भूमिगत रेल्वेतील हॅरी बेक या आरेखकाने १९३१ साली कागदावर उतरविली आणि १९३३ साली ती प्रवाशांच्या हाती पडली. आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांचे रेल्वे-नकाशे त्याच वळणाचे आहेत.

ठिपके आणि रेषा यांची अशी आकृती हाताने काढता येते, हे आपण सर्वच जाणतो. परंतु ती लिहिताही येते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. कोणत्या ठिपक्याचा कोणत्या ठिपक्याशी संबंध आहे एवढेच साध्या वाक्यांत लिहून ठेवावयाचे आणि रेखाटनाचे काम संगणकावर सोपवावयाचे, अशी ही पद्धती आहे. तिच्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. साधा मजकूर लिहिता येईल असे कोणतेही साधन आणि आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची सोय, ज्याला टर्मिनल म्हणतात, एवढे पुरेसे होते. ही पद्धती कशी चालते व तिचा उपयोग काय, हे दिल्लीच्याच उदाहरणाने पाहू.

चार स्थानके, पाच ओळी

दिल्ली मेट्रोचे उद्घाटन २४ डिसेंबर २००२ रोजी झाले. त्या वेळी शाहदरा ते तीस हजारी एवढाच मार्ग होता आणि त्यावर सहा स्थानके होती. त्या काळी नकाशा म्हणजे एक सरळ रेषा. पुढे मार्गिका वाढल्या, त्या एकमेकींना छेदू लागल्या आणि एका रेषेचे जाळे बनले.

त्या जाळ्यातील चारच स्थानके आपण निवडू : कश्मीरी गेट, राजीव चौक, मंडी हाउस आणि केंद्रीय सचिवालय. या चारही ठिकाणी गाडी बदलता येते. पिवळी मार्गिका कश्मीरी गेटहून राजीव चौकास येते व तेथून केंद्रीय सचिवालयाकडे जाते. जांभळी मार्गिका कश्मीरी गेटहून लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट आणि आय.टी.ओ. ही स्थानके घेत मंडी हाउसला पोहोचते व पुढे तीही केंद्रीय सचिवालयास मिळते. निळी मार्गिका राजीव चौक व मंडी हाउस यांना जोडते. मधली लहान स्थानके सोडून दिली, तर हे सारे वर्णन पाच ओळींत मावते :

"कश्मीरी गेट" -- "राजीव चौक";
"कश्मीरी गेट" -- "मंडी हाउस";
"राजीव चौक" -- "केंद्रीय सचिवालय";
"मंडी हाउस" -- "केंद्रीय सचिवालय";
"राजीव चौक" -- "मंडी हाउस";

या ओळी केवळ टिपण नव्हेत. ग्राफविझ नावाच्या विनामूल्य आज्ञावली-संचाला समजणारी ती भाषा आहे. तिला डॉट असे म्हणतात. दोन आडव्या रेघा म्हणजे 'जोडलेले आहे'. अवतरणचिन्हांत स्थानकाचे नाव. ओळीच्या शेवटी अर्धविराम. या पाच ओळींच्या आधी रोमन लिपीत ग्राफ हा शब्द व एक महिरपी कंस लिहावा आणि शेवटी तो कंस मिटवावा, की फाइल पूर्ण झाली. मग टर्मिनलवर डॉट या आज्ञावलीचे नाव, कोणत्या प्रकारचे चित्र हवे त्याची खूण, मजकुराच्या फाइलचे नाव आणि तयार होणाऱ्या चित्राचे नाव एका ओळीत टंकले, की क्षणार्धात आकृती तयार होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोणते स्थानक कागदावर कोठे असावे, याविषयी आपण एक अक्षरही लिहिले नाही. ते यंत्राने ठरविले. ते कसे ठरविले, हे या विषयाचे मर्म होय.

जागा कशी ठरते

समजा, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर ही चार नावे आपण वाटेल तशी मांडली. कश्मीरी गेट आणि केंद्रीय सचिवालय शेजारच्या कोपऱ्यांवर आली, तर पाचांपैकी दोन रेषा मध्यभागी एकमेकींना छेदतात आणि पाहणाऱ्याला वाटते की तेथे एखादे स्थानक असावे. तीच दोन स्थानके समोरासमोरच्या कोपऱ्यांवर मांडली, तर एकही रेषा दुसरीला छेदत नाही. माहिती दोन्ही चित्रांत एकच आहे, परंतु पहिले चित्र फसवते व दुसरे समजावते. चांगल्या मांडणीचा शोध म्हणजे बव्हंशी अशा छेदांपासून सुटका करून घेण्याचा शोध.

संबंधांत वरचा-खालचा असा क्रम असेल, तर मांडणी पायरीपायरीने करावी, ही पद्धती कोझो सुगियामा व त्यांचे दोन सहकारी या जपानी संशोधकांनी १९८१ साली मांडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एम्डेन गान्सनर, एलेफ्थेरिओस कुत्सोफिओस, स्टीफन नॉर्थ आणि किएम-फाँग व्हो यांनी ती विकसित केली व १९९३ साली तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. डॉट ही आज्ञावली त्याच मार्गाने जाते. तिचे काम चार टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक नावाला मजला मिळतो. ओळीत आधी आलेले नाव वर आणि नंतर आलेले खाली, असा नियम असतो. आपल्या पाच ओळींत कश्मीरी गेट कोणाच्याही नंतर येत नाही, म्हणून ते सर्वांत वर जाते. त्याखाली राजीव चौक. शेवटच्या ओळीत मंडी हाउस राजीव चौकाच्या नंतर आले आहे, म्हणून ते आणखी एक मजला खाली. सर्वांत तळाशी केंद्रीय सचिवालय. दुसऱ्या टप्प्यात एकाच मजल्यावरील नावांचा डावा-उजवा क्रम, छेद शक्य तितके कमी होतील अशा बेताने, लावला जातो. तिसऱ्यात प्रत्येक नावाची नेमकी जागा ठरते. चौथ्यात रेषा ओढल्या जातात आणि मध्ये नाव आडवे आले तर त्या वळसा घेतात.

परंतु राजीव चौक आणि मंडी हाउस यांत वरचा-खालचा असा संबंध खरोखर नाही. ती दोन्ही एका पातळीवर दिसावीत अशी आपली इच्छा असेल, तर तसे सांगणारी आणखी एक ओळ लिहावी लागते. ती लिहिली की चार मजल्यांचे तीन होतात आणि आकृती पतंगासारखी दिसू लागते : वर कश्मीरी गेट, मध्ये दोन्ही बाजूंना राजीव चौक व मंडी हाउस, खाली केंद्रीय सचिवालय. योगायोगाने दिल्लीच्या भूमीवरही कश्मीरी गेट उत्तरेस व केंद्रीय सचिवालय दक्षिणेस आहे. परंतु यंत्राला उत्तर-दक्षिण ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहेत त्या आपल्या ओळी.

वर-खाली असा क्रमच नसलेल्या जाळ्यांसाठी निराळी युक्ती आहे. प्रत्येक नाव म्हणजे एक कडे आणि प्रत्येक संबंध म्हणजे एक स्प्रिंग अशी कल्पना करावी. जोडलेली कडी एकमेकांना ओढतात, न जोडलेली दूर ढकलतात, आणि सारी रचना हलत हलत स्थिरावते तेथे चित्र घ्यावयाचे. ही कल्पना पीटर ईड्स यांनी १९८४ साली सुचविली. ग्राफविझमध्ये या जातीच्या मांडणीसाठी नीटो नावाची स्वतंत्र आज्ञा आहे. फाइल तीच ठेवून केवळ आज्ञा बदलली, तरी चित्राची ठेवण पालटते.

याहून जुनी अशी एक भाषा ब्रायन कर्निघन यांनी बेल प्रयोगशाळेतच रचली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या भाषेचे नाव पिक. तीत लेखक 'येथे चौकट, तिच्या उजवीकडे बाण, पुढे वर्तुळ' असे एकेक सांगत जातो. पिकमध्ये जागा माणूस ठरवतो आणि डॉटमध्ये यंत्र. आकृती लहान व ठरीव असेल तर पहिली रीत बरी, आणि संबंध वारंवार बदलणारे असतील तर दुसरी.

मजकूर उत्तरही देतो

आता कोणी विचारील, एवढी खटपट कशासाठी? पेन्सिल व पट्टी घेऊन चार ठिपके काढणे यापेक्षा सोपे नाही काय?

चार ठिपक्यांपुरते ते निश्चितच सोपे आहे. परंतु जाळे स्थिर राहत नाही. मंडी हाउस व आय.टी.ओ. यांमधील मार्ग २०१५ साली सुरू झाला होता आणि आय.टी.ओ. ते कश्मीरी गेट हा मार्ग २८ मे २०१७ रोजी खुला झाला. त्या दिवशी आपल्या चार स्थानकांच्या वर्णनात एका ओळीची भर पडली, ती वर दिलेल्या पाचांपैकी दुसरी. हाताने काढलेल्या चित्रात अशी एक रेषा घालावयाची तर पुष्कळदा सारेच पुन्हा मांडावे लागते. लिहिलेल्या चित्रात एक ओळ वाढवून आज्ञा पुन्हा द्यावयाची. शिवाय दोन फाइलींतील भेद दाखविणारी आज्ञा जुन्या काळापासून उपलब्ध आहे. तिच्या हाती कालची व आजची फाइल दिली, तर नेमकी ती एकच ओळ ती पुढे काढून दाखवते. दोन चित्रे शेजारी ठेवून फरक शोधण्यात डोळे शिणतात. मजकुराच्या बाबतीत ते काम यंत्र बिनचूक करते.

त्या एका ओळीचे मोल किती होते, हेही मजकुरावरून कळते. २८ मे २०१७ पूर्वीच्या चार ओळींत कश्मीरी गेट हे नाव एकदाच येत असे. याचा अर्थ, या चार स्थानकांपुरते पाहता, तेथून उरलेल्या तिघांकडे जाण्यास एकच मार्ग होता. पिवळ्या मार्गिकेत बिघाड झाला की तो खुंटत असे. पाचवी ओळ आली आणि दुसरी वाट मिळाली.

नावे मोजण्याचा हा प्रयोग आणखी पुढे नेता येतो. पाच ओळींत राजीव चौक तीन वेळा, मंडी हाउस तीन वेळा, कश्मीरी गेट दोन वेळा व केंद्रीय सचिवालय दोन वेळा येते. बेरीज दहा, म्हणजे ओळींच्या दुप्पट, कारण प्रत्येक ओळीत दोन नावे असतात. बेरीज तशी आली नाही तर लिहिण्यात कोठे तरी चूक आहे असे समजावे. आता प्रश्न असा की, पाचही टप्प्यांवरून प्रत्येकी एकदाच जाऊन सारे जाळे फिरता येईल काय? कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांविषयी असाच प्रश्न होता आणि लिओनार्ड ऑयलर यांनी त्याचे उत्तर १७३६ च्या आपल्या निबंधात दिले. जाळे एकसंध असून विषम वेळा येणारी नावे दोनच असतील, तर असा प्रवास शक्य आहे, परंतु तो त्यांपैकी एकापासून सुरू होऊन दुसऱ्याशी संपला पाहिजे. अशी नावे दोहोंपेक्षा अधिक असतील तर तो अशक्य. कोनिग्सबर्गमध्ये चारही भूभाग विषम होते, म्हणून तेथील उत्तर नकारार्थी आले. दिल्लीच्या आपल्या चार स्थानकांत विषम दोनच आहेत. राजीव चौकाहून कश्मीरी गेट, तेथून मंडी हाउस, पुन्हा राजीव चौक, मग केंद्रीय सचिवालय आणि अखेरीस मंडी हाउस, असा तो प्रवास पुरा होतो. हे उत्तर चित्र न पाहता, केवळ ओळींतील नावे मोजून मिळाले.

मोठे जाळे आणि लहान आज्ञा

चार स्थानकांच्या ओळी आपण हाताने लिहिल्या. शहरातील बसगाड्यांच्या सर्व थांब्यांच्या कोण लिहील? सुदैवाने त्या बव्हंशी लिहिलेल्याच आहेत. दिल्ली शासन आणि ओखला येथील इंद्रप्रस्थ माहिती-तंत्रज्ञान संस्था यांनी २०१८ साली शहराच्या बससेवेची माहिती सर्वांसाठी खुली केली. थांबे, मार्ग आणि वेळापत्रके तीत साध्या मजकुराच्या फाइलींत दिली आहेत. माहितीची ही मांडणी अमेरिकेतील पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून २००५ साली निघाली आणि आज जगभर रूढ आहे.

वेळापत्रकाच्या फाइलीत प्रत्येक फेरीचे थांबे क्रमाने एकाखाली एक असतात. एकाच फेरीतील लागोपाठचे दोन थांबे घेतले की आपल्या हवी तशी एक ओळ मिळते. हे काम ऑक नावाच्या आज्ञेकडून होते. आहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिच्या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला १९७७ साली हे नाव मिळाले. एकच जोडी अनेक फेऱ्यांत येते, म्हणून दुसरी आज्ञा ओळी क्रमाने लावते, तिसरी पुनरुक्ती गाळते आणि चौथी, म्हणजे डॉट किंवा नीटो, चित्र काढते. या आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ टंकली, की एकीचे फलित आपोआप दुसरीच्या हाती जाते. कारखान्यात माल एका कारागिराकडून दुसऱ्याकडे सरकत जावा, तसाच हा प्रकार. प्रत्येक आज्ञा एकच काम करते, आणि त्या सर्वांना एकत्र आणणारा दुवा म्हणजे साधा मजकूर.

तथापि यंत्राच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. संपूर्ण शहराचे थांबे एकाच चित्रात मागितले तर हाती येतो तो गुंतलेल्या दोऱ्याचा गोळा. छेदांची किमान संख्या शोधणे हे संगणकालाही अवघड अशा प्रश्नांच्या वर्गात मोडते, हे मायकेल गॅरी व डेव्हिड जॉन्सन यांनी १९८३ साली सिद्ध केले आहे. म्हणून या आज्ञावली सर्वोत्तम नव्हे, तर बऱ्यापैकी चांगली मांडणी शोधतात. काय दाखवावे आणि काय गाळावे, हा निर्णय माणसाचाच राहतो. आपण चार स्थानके निवडली, ती याच कारणासाठी.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. एका ओळीत 'मंडी हाउस' आणि दुसरीत 'मंडी हाऊस' असे लिहिले, तर वाचकाला ते एकच स्थानक वाटेल, परंतु यंत्र निमूटपणे पाचवा ठिपका काढील. त्याला उच्चार कळत नाही, अक्षरे कळतात. रस्त्याच्या दोन बाजूंच्या बसथांब्यांना एकच नाव असू शकते, तेव्हा उलट गोंधळ होतो. म्हणूनच परिवहनाच्या फाइलींत प्रत्येक थांब्याला नावाबरोबर स्वतंत्र ओळखचिन्ह दिलेले असते.

तिसरी गोष्ट संबंधाच्या प्रकाराविषयी. नोएडात निळ्या मार्गिकेचे सेक्टर ५२ आणि निराळ्या संस्थेच्या ॲक्वा मार्गिकेचे सेक्टर ५१ ही स्थानके २०१९ साली सुरू झाली. ती जवळजवळ असली तरी एक नव्हेत. एकीतून दुसरीत पायी जावे लागते. त्यांना एकच ठिपका मानणे चुकीचे आणि त्यांमध्ये रेल्वेची रेषा ओढणेही चुकीचे. अशा वेळी त्या ओळीपुढे चौकोनी कंसात 'रेषा तुटक असावी' अशी खूण करता येते. चित्र बरोबर येण्यासाठी लेखकाला आधी वस्तुस्थिती नेमकी सांगावी लागते, हा या पद्धतीचा मोठा शैक्षणिक लाभ होय.

आपल्या भाषेतील आकृती

शाळा व ग्रंथालये यांच्या दृष्टीने या पद्धतीचे सर्वांत मोठे महत्त्व भाषेच्या संबंधात आहे. शास्त्रीय पुस्तकाचे भाषांतर होते तेव्हा मजकूर मराठीत येतो, परंतु आकृती पुष्कळदा मूळ भाषेतच राहते. चित्र एकदा ठशात किंवा छायाचित्रात गोठले की त्यातील नावे बदलणे म्हणजे ते पुन्हा काढणे. मग विद्यार्थी परिच्छेद मराठीत वाचतो आणि आकृतीपाशी येऊन अडखळतो. आकृती लिहिलेली असेल तर ती मजकुराबरोबरच भाषांतरित होते. जीवशास्त्रातील अन्नसाखळीचे उदाहरण घ्या :

गवत -> नाकतोडा;
नाकतोडा -> बेडूक;
बेडूक -> साप;
साप -> घार;

येथे संबंधाला दिशा आहे, म्हणून दोन रेघांऐवजी बाण आला आणि पहिला रोमन शब्द ग्राफ नसून डायग्राफ असा होतो. बाकी सारे मराठी. देवनागरीला १९९१ साली युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतात स्थान मिळाले, त्यामुळे संगणक ही अक्षरे जगात कोठेही सारखीच ओळखतो. मात्र चित्रात जोडाक्षरे व मात्रा नीट उमटण्यासाठी देवनागरी टंक संगणकावर असावा लागतो आणि त्याचे नाव फाइलीत लिहिणे श्रेयस्कर असते. नाही तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात, किंवा नावाचे माप चुकून ते चौकटीबाहेर जाते.

याच पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. ज्याला दृष्टी नाही अशा विद्यार्थ्यापुढे नुसते चित्र मूक असते. परंतु 'बेडूक, बाण, साप' ही ओळ संगणक मोठ्याने वाचू शकतो किंवा ती ब्रेलमध्ये उमटविता येते. डोळस विद्यार्थी ज्या ओळींवरून चित्र काढतो, त्याच ओळी त्याच्या दृष्टिहीन सोबत्यालाही मिळतात. चित्राखाली त्याची फाइलही छापावी, एवढेच त्यासाठी करावयाचे आहे.

मानवी हृदयाचा छेद, फुलाची रचना किंवा डोंगराची उंची दाखविणारा नकाशा यांना ही रीत उपयोगी पडत नाही. तेथे आकार हीच माहिती असते व ती चित्रकारानेच काढावी. परंतु घराण्याची वंशावळ, कायद्याचे विधेयक मंजूर होण्याच्या पायऱ्या, नद्या व त्यांच्या उपनद्या, रासायनिक प्रक्रियांचा क्रम, हे सारे संबंधांचेच विषय आहेत.

वाचकांनी आरंभ घराजवळून करावा. आपल्या तालुक्याच्या एस. टी. स्थानकावरून कोणकोणत्या गावांना थेट गाडी जाते, ते फलकावरून टिपून घ्यावे. प्रत्येक जोडीची एक ओळ लिहावी. प्रत्येक गावाचे नाव किती वेळा आले ते मोजावे आणि बेरीज ओळींच्या दुप्पट येते की नाही हे पाहावे. संगणक उपलब्ध असल्यास आज्ञा द्यावी. नसल्यास छेद कमीत कमी येतील अशी आकृती कागदावर स्वतः काढावी. जे गाव यादीत एकदाच आले असेल, त्याच्यापाशी क्षणभर थांबावे. पावसाळ्यात तो एकच रस्ता बंद झाला, तर तेथील विद्यार्थी शाळेत कसा पोहोचेल, हा प्रश्न त्या ओळीतच लिहिलेला असतो.